चपलेच्या वर

लांजेकर सरांच्या हयातीत आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मी एकूण नऊ शब्द लिहिले. त्यातले आठ लोक विसरले, मीही विसरले. नववा लिहून मी काय करून ठेवलं हे कळलं तेव्हा जो धक्का बसला, तो आज दोन वर्षांनीही पुरता उतरलेला नाही.

फळा सरांचा. मुलुंड पूर्वेला, नाहूरच्या अंगाला आमची चार मजली सुखनिवास सोसायटी. खालच्या पॅसेजमध्ये नोटीसबोर्ड, आणि त्यावर टाकी धुण्याच्या, कुत्र्यांच्या, गॅलरीतून पाणी ओतू नये असल्या सूचना. सर भांडुपच्या एका मराठी शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आठवड्याभरात सुतार बोलावून त्यांनी त्या बोर्डाशेजारी एक काळा फळा ठोकून घेतला. रोज सकाळी सातला त्यावर एक इंग्रजी शब्द यायचा. शब्द देवनागरीत, खाली अर्थ, आणि त्याखाली तो शब्द आला कुठून याची दोन-चार ओळींत हकिकत. कमिटीला विचारलं वगैरे नव्हतं. अध्यक्ष पेडणेकरांनी हटकलं तेव्हा सर म्हणाले, "ठराव आणा, पुसतो." ठराव काही आला नाही.

सर ठेंगणे, काळेसावळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. खिशात खडू, त्यामुळे खिशाचा तळ कायम पिठूळ. माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे आणि मग चेहऱ्याकडे. मला वाटायचं, लाजाळू आहेत. बायको लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन नाहूरलाच. घरात शब्दकोश इतके की पाहुण्याला खुर्ची द्यायची तर आधी दोन खंड उचलावे लागत. आणि एक वाक्य तोंडात बसलेलं: "शब्दाचं कूळ बेलाशक विचारावं. माणसाचं विचारू नये." आम्ही माना डोलवायचो. आमच्या घरी तर असलं काही पाळतच नाहीत, हे मी स्वतः चारचौघांत कितीदा अभिमानाने सांगितलं असेल!

सरांचे शब्द म्हणजे सोसायटीची करमणूक होती. एकदा त्यांनी 'मसल' लिहिला. मूळ अर्थ, छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून रोमन लोकांनी तसं नाव दिलं. तिसऱ्या मजल्यावरचा केतन त्या वेळी जिममध्ये पडीक असायचा. दुसऱ्या दिवसापासून तो लिफ्टपाशी दिसला की पोरं ओरडायची, "ए केतन, उंदीर दाखव ना!" त्याची आई सरांकडे भांडायला गेली आणि तासाभराने 'सॅलरी' हा शब्द मिठावरून आला हे शिकून परत आली.

कुणी त्यांच्या शर्टाला 'नाइस' म्हटलं की सर हात जोडायचे. "सातशे वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर त्याचा अर्थ अडाणी असा होता. आता चालेल." सोसायटीची निवडणूक लागली तेव्हा त्यांनी 'कॅन्डिडेट' लिहिला: रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस अंगावरच्या वस्त्राला खडू चोळून यायचा, पांढराशुभ्र दिसावा म्हणून. त्याच दिवशी पेडणेकर पांढरा सफारी घालून फॉर्म भरायला आले. लोक हसले, पेडणेकरही हसले, पण ते मनात ठेवणारे गृहस्थ.

आणि त्या साथीच्या दिवसांत सरांच्याच दारावर पालिकेने कागद चिकटवला, तेव्हा ते फळ्यापर्यंत जाऊ शकत नव्हते. म्हणून इंटरकॉमवर एकेक घर गाठून शब्द सांगायला लागले. मला फोन आला तेव्हा आवाजाला धाप होती. "जोगळेकर बाई, क्वारंटीन. मूळ अर्थ चाळीस. व्हेनिसला बाहेरून आलेलं जहाज चाळीस दिवस लांब उभं करायचे. आपली पालिका बिचारी चौदावर भागवते." मी म्हटलं, "अहो सर, तुम्हाला ताप किती आहे?" तर म्हणाले, "तो शब्द उद्या."

असा हा माणूस. पंचवीस वर्षं आमच्यात राहिला. माणसाचं कूळ विचारू नये, हे त्यांचं वाक्य आम्ही पाळलं असं मला वाटत होतं. खरं म्हणजे विचारायची वेळच आली नव्हती. पांढरा शर्ट, इंग्रजी आणि चार शब्दकोश बघून आम्ही उत्तर परस्पर गृहीत धरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते दहा दिवस मुलीकडे जाणार होते. जाताना खडूची डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, "फळा कोरा ठेवू नका. लोकांची सवय मोडते." मी विमा कंपनीतून निवृत्त, वाचनाची हौस, अक्षर बरं. मला कोण आनंद झाला! आठ दिवस इमानाने साधेसुधे शब्द लिहिले. पण लोकांना सरांच्या शब्दांची चटक. "तुमचे जरा फिके आहेत हं," असं केतनची आई म्हणाली, ते मला लागलं. नवव्या दिवसासाठी मी मोबाइलवर तीन तास शोधलं आणि एक जबरदस्त शब्द काढला.

अल्ट्राक्रेपिडेरियन. अर्थ, आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यात अक्कल पाजळणारा. खाली मी गोष्ट लिहिली, अगदी रंगवून. ग्रीसमध्ये एक नामांकित चित्रकार होता. चित्र रस्त्यावर मांडून तो मागे लपून लोकांचं बोलणं ऐके. एक चांभार आला आणि म्हणाला, चपलेचा बंद चुकलाय. चित्रकाराने तो रातोरात दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी चांभार फुशारला आणि पायाच्या पोटरीलाही नावं ठेवू लागला. तेव्हा चित्रकार पुढे येऊन म्हणाला, चांभारा, चपलेच्या वर जाऊ नकोस! क्रेपिडा म्हणजे चप्पल, अल्ट्रा म्हणजे पलीकडे. सगळ्यात खाली मी लाल खडूने अधोरेखित केलं: ज्याने त्याने आपल्या चपलेपुरतं बोलावं.

शब्द तुफान चालला. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरला. नवरा स्वयंपाकात काही बोलला की बायको म्हणे, "चपलेच्या वर जाऊ नका." केतन वॉचमनला म्हणे, वॉचमन माळ्याला. माझं कौतुक झालं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

त्याच रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती, गच्चीवर, सकाळी दहाला. कंपाउंडची भिंत नवी बांधायची आणि गेट रुंद करायचं, हा विषय. गेटच्या डाव्या बाजूला फुटपाथवर रामूचा चपला शिवायचा स्टॉल होता, पालिकेचा परवाना असलेला. रामू साठीचा, पण आमच्यातली शाळकरी पोरंही त्याला रामूच म्हणत. फक्त सर रामभाऊ म्हणायचे. नव्या गेटच्या नकाशात त्याची जागा जात होती. कमिटी वॉर्ड ऑफिसला अर्ज करून त्याला उठवणार होती. उठवला की संपलंच. पुन्हा कुठे बसायचं म्हटलं तर या वयात त्याला कोण जागा देणार? म्हणून सरांनी आग्रह धरला होता की त्याला सभेत बोलावा, त्याचं ऐका.

सर त्या सकाळीच मुलीकडून आले, डोळ्यांना काळा चष्मा. पॅसेजमध्ये फळ्यासमोर उभे राहिले. माझा नववा शब्द तसाच होता, पुसायला मन झालं नव्हतं. सरांनी एक डोळा बारीक करून सगळं वाचलं, शेवटच्या लाल ओळीपर्यंत. मी उत्सुकतेने विचारलं, "कसा वाटला, सर?"

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले, आणि जिना चढू लागले.

सभेत रामू पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. कुणी बस म्हटलं नाही, आणि खुर्च्या तर रिकाम्या होत्या. पेडणेकरांनी नकाशा दाखवून सांगितलं की नाइलाज आहे. रामू हात जोडून म्हणाला, "साहेब, माझं एक ऐका. तीस वर्षं मी तिथं बसून गाड्या वळताना बघतोय. गेट डावीकडं घेतलं ना, तर वळताना मागचं चाक गटाराच्या झाकणावर जाणार. ते झाकण फुटणार. गेट दोन फूट उजवीकडं सरकवा. तुमची गाडी पण नीट आत येईल नि माझी जागा पण राहील."

पेडणेकर खो खो हसले. "वा रे आर्किटेक्ट! अरे रामू, चपलेच्या वर जाऊ नकोस ना! जोगळेकर बाई, काय हो तो तुमचा शब्द? सांगा याला."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. आणि मी, साठीची, शिकलेली, घरात काही न पाळणारी बाई, खुर्चीत जराशी पुढे सरकून, स्पष्ट उच्चार करत म्हणाले, "अल्ट्राक्रेपिडेरियन."

गच्चीभर हशा पिकला. रामूही हसला. त्याला कळलं काहीच नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून हसला. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सर उठले. चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लालभडक दिसत होता.

"पेडणेकर," ते म्हणाले, "माझे वडील घाटकोपर स्टेशनच्या बाहेर बसायचे. पश्चिमेला, जिन्याखाली. चपला शिवायचे. मी चांभाराचा मुलगा. आत्ता रामभाऊ चपलेच्या वर बोलले तर तुम्हाला एवढं हसू आलं. मी पंचवीस वर्षं तुम्हाला इंग्रजी सांगतोय, तेव्हा कसं नाही आलं?"

मला वाटलं कुणी माझ्या कानाखाली वाजवली. पेडणेकरांच्या हातातला नकाशा खाली आला. केतनची आई पटकन म्हणाली, "अहो सर, पण आम्हाला माहीतच नव्हतं!"

"माहीत असतं तर काय केलं असतंत?"

सर रामूकडे वळले, स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बसा रामभाऊ. आणि तुम्ही सगळे खाली जा नि ते झाकण बघून या. बरोबर सांगतोय की चूक, एवढंच बघायचंय." मग ते स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. सभा तहकूब झाली.

जिना उतरताना केतनची आई माझ्या कानाशी लागली. "वाटत नाहीत हो अजिबात!" तिला ती स्तुती वाटत होती. मी चिडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण हेच वाक्य तिच्या आधी, गच्चीवर, सर बोलत असतानाच, माझ्या मनात येऊन गेलं होतं. मला त्या दिवशी बसलेला सगळ्यात मोठा धक्का तो. सर कोण निघाले याचा नव्हे, मी कोण निघाले याचा.

दोन दिवस मी त्यांच्या दाराशी जाऊन परत येत होते. तिसऱ्या दिवशी बेल वाजवली. त्यांनी खुर्चीवरचे खंड उचलले, चहा टाकला. मी माफी मागायला लागले तर हाताने थांबवलं. "गोष्ट खोटी नाही लिहिलीत तुम्ही. अर्धी लिहिलीत. पुढची मोबाइलवर होती, तुम्ही खाली सरकवलं नसेल."

मग त्यांनी उरलेली सांगितली. हा शब्द ग्रीसमधला नाहीच. गोष्ट जुनी, पण शब्द अवघा दोनशे वर्षांचा, लंडनचा. तिथे एका मासिकाचा संपादक होता, मोठा जहाल टीकाकार. त्याला हाणायला विरोधकांनी हा शब्द घडवला. आणि तो संपादक कोण? गरिबाघरचा, अनाथ पोर. लहानपणी चपला शिवणाऱ्याकडे काम शिकायला टाकलेला. गणिताचं वेड, पण कागद मिळेना. म्हणून चामड्याचे तुकडे ठोकून गुळगुळीत करायचा आणि बोथट आरीने त्यावर गणितं सोडवायचा.

"कळलं का, जोगळेकर बाई? तो पोटरीवर बोलला म्हणून नाही चिडले. तो चपला शिवायच्या पाटावरून उठला, म्हणून चिडले. त्याला परत बसवायला शब्द केला. लॅटिनमध्ये केला, म्हणजे सभ्य दिसतो." सर कपात बघत होते. "एम.ए. करताना सापडला मला. दोन दिवस जेवण गेलं नाही. हजारो शब्द लिहिले फळ्यावर, हा नाही लिहिला. भीती वाटायची. लिहिताना हात थरथरला नि कुणी विचारलं तर?"

मी रडत होते. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही, आणि ते बरंच झालं.

"मी सगळ्यांना सांगत आलो की वडील रेल्वेत होते," ते म्हणाले. "जिन्याखाली म्हणजे रेल्वेतच की! दहावीपर्यंत संध्याकाळी मीही बसायचो तिथे. शाळेतली पोरं दिसली की भिंतीकडे तोंड करायचो. वडिलांना कळायचं. एकदाही काही म्हणाले नाहीत." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमचा राग नाही आला मला. परवा गच्चीवर रामभाऊ हसला ना, त्याचा आला. आणि मग वाटलं, मी तरी पंचवीस वर्षं दुसरं काय केलं?"

पुढचं थोडक्यात सांगते. झाकण बघायला आर्किटेक्ट आला आणि रामभाऊंचं म्हणणं बरोबर निघालं. पेडणेकरांनी तरी दोन महिने वेळकाढूपणा केला. सरांशी सगळे फार गोड वागू लागले, इतके गोड की ते पॅसेजमध्ये थांबेनासे झाले. मला मात्र त्यांनी एकदा जिन्यात सांगितलं होतं, गेट होईपर्यंत ती जागा एक दिवसही रिकामी दिसता कामा नये, रिकामी दिसली की उठवायला कारण मिळतं. शेवटी गेट दोन फूट उजवीकडे झालं, स्टॉल जागेवर राहिला. आजही आहे. सर मात्र ते बघायला राहिले नाहीत. मी मुलीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला होते तेव्हा ते झोपेत गेले. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते मी हैदराबादला निघाले त्या सकाळी.

विमान दुपारचं होतं. बॅग घेऊन गेटबाहेर आले, रिक्षाला हात केला, आणि फुटपाथच्या कडेला ठेचकाळून चपलेचा अंगठा तुटला. सवयीने स्टॉलकडे वळले आणि जागीच थिजले. आत सर बसले होते. मांडी घालून, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडून, समोर रामभाऊंची रापी आणि आरी. कुणाचे तरी बूट शिवणं चाललं होतं. हात झरझर चालत होता, एकही टाका चाचपडत नव्हता. फळ्यावर लिहिताना ज्या बोटांकडे मी वर्षानुवर्षं बघितलं होतं, ती हीच, यावर विश्वास बसेना.

"रामभाऊ गावी गेलाय, भावाच्या तेराव्याला," न बघताच ते म्हणाले. मग नेहमीसारखं माझ्या पायांकडे बघितलं. "अंगठा गेला. द्या."

"नको सर. राहू दे. मी दुसरी घालून येते."

"का?"

"अहो, तुमच्या हातात मी चप्पल कशी देऊ?"

त्यांनी आरी खाली ठेवली. "रामभाऊच्या हातात देता ना?"

नाही. खरं उत्तर नाही असंच होतं. त्याच्या हातात मी कधीच दिली नव्हती. पायातून काढायची आणि पायानेच पुढे ढकलायची, फोनवर बोलता बोलता. हे मी त्यांना सांगितलं नाही. पंचवीस वर्षं ते समोरच्याच गॅलरीत चहा पीत होते, त्यांना काय सांगायचं?

मी बॅग खाली ठेवली, चप्पल काढली, वाकून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. एका पायावर, रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिले. त्यांनी टाके घातले, अंगठा ओढून बघितला, रापीने दोरा कापला आणि चप्पल माझ्या पावलासमोर नीट सरळ करून ठेवली.

मला पाय पुढे करवेना.

"घाला," सर म्हणाले. "रिक्षा खोळंबलीय तुमची."